तालमीतली स्पीड टेस्ट

“पळतंय का मुद्दाम अडवलंय, एवढंच सांग पोरी. इंग्लिश नको,” वस्ताद म्हणाले.

“मोजल्याशिवाय नाही सांगता येणार,” मी म्हणाले.

“मग मोज की. तुला कशाला बोलावलंय?”

तालमीच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. आतल्या आखाड्यात सकाळीच माती उकरून तेल, ताक आणि हळद घातली होती, त्याचा वास बाहेरपर्यंत येत होता. शिवगोंडा खवाटे वस्ताद भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंना यात्रा कमिटीची दोन माणसं होती. हे तिघे पंच. समोर एका अंगाला रावसाहेब जगदाळे, दुसऱ्या अंगाला जालिंदर खोत. दोघेही लहानपणी याच तालमीत घुमलेले, त्यामुळे भांडण पोलिसांकडे न जाता इथे आलं होतं.

रावसाहेबांच्या मागे, दाराजवळ, माझा भाऊ सन्मती बसला होता. मी त्याला दादा म्हणते. तो रावसाहेबांच्या इंटरनेट कंपनीत नेटवर्क बघायचा. गावातल्या निम्म्याहून जास्त घरांत रावसाहेबांचं कनेक्शन होतं, आणि ते चालू ठेवणं हे दादाचं काम.

“वस्ताद, माझ्या तारेवर सगळं पळतंय,” रावसाहेब म्हणाले. “मोठमोठ्या कंपन्यांचे पिक्चर पळतात, पोरांचे गेम पळतात. एकट्या जालिंदरचीच कुस्ती का गुडघ्यावर बसती? त्याच्या ॲपातच दम नाही.”

“दम बघायचा तर पाय मोकळे सोडून बघायचा,” जालिंदर म्हणाला. “पाय बांधायचे आणि म्हणायचं, बघा, पळत न्हाई.”

“कुणी बांधलंय? दाखव.”

“मागं मला काय म्हणाला होतास? माझ्या तारेवरनं तुझा माल जातोय, भाडं दे. म्हणाला होतास का न्हाई?”

“म्हणालो होतो. आजही म्हणतो. खांब मी रोवले, तार मी ओढली. गाड्या तुझ्या पळवायच्या आणि टोल नको?”

“बघणारा तुला देतोयच की. आता दाखवणाऱ्यानं पण द्यायचं? नवरीकडनं घेतलं, आता नवऱ्याकडनं पण घे.”

कमिटीतला एक जण हसला आणि वस्तादांनी बघितल्यावर थांबला.

जालिंदर मूळचा लग्नाचे व्हिडिओ काढणारा. त्याने कुस्तीची मैदानं थेट दाखवणारं ‘हलगी’ नावाचं ॲप काढलं होतं. त्याआधी गावचं मैदान रावसाहेबांच्या केबल चॅनेलवर दिसायचं. हलगी आल्यावर पुण्यात, फौजेत, दुबईत असलेली आमची माणसं मोबाइलवर कुस्त्या बघू लागली. पण गेल्या काही आठवड्यांपासून गावातच, रावसाहेबांच्या कनेक्शनवर, संध्याकाळ झाली की हलगीचं चित्र अडायचं. पैलवान हवेत उचललेला आणि तिथेच थांबलेला. जालिंदरने चिडून ॲपमध्ये एक पाटी टाकली. चित्र थांबलं की खाली अक्षरं यायची: ‘कुस्ती अडली? रावसाहेबांना विचारा.’ लोक खरंच विचारू लागले. भर बाजारात, दाढी करताना, मयताला गेल्यावरसुद्धा. तेव्हा रावसाहेब वस्तादांकडे आले.

पुढच्या रविवारी यात्रेचं मैदान होतं. पंचांनी ठरवलं होतं की जालिंदरचं ॲपच अधू निघालं तर यात्रेचं चित्रीकरण त्याच्याकडून काढून रावसाहेबांना द्यायचं. तार अडवलेली निघाली तर रावसाहेबांनी पंचांसमोर ती मोकळी करायची आणि परत अडवली तर गावातले खांब काढायचे.

“हे बघा,” रावसाहेबांनी मोबाइल वस्तादांच्या हातात दिला. काटा फिरत गेला आणि शंभरावर थांबला. “शंभर! आता बोला.”

वस्तादांनी मोबाइल माझ्याकडे दिला. “हे काय मोजतंय?”

“इथून रावसाहेबांच्या ऑफिसपर्यंतचा वेग. समोरचं मशीन त्यांच्याच ऑफिसात आहे.”

“म्हणजे घरातनं अंगणात पळून दाखवलं.”

“तसंच.”

“मग पोरी, तू कुठवर पळवणार?”

“मुंबईपर्यंत. हलगीचे व्हिडिओ तिथे ठेवलेले असतात.”

रावसाहेबांची माझ्या नावाला हरकत नव्हती. आपल्याच माणसाची बहीण, असा त्यांचा हिशोब असावा. नाव काढलं होतं ते जालिंदरने, याचं मला आश्चर्य वाटलं. मी तेव्हा नुकतीच भौतिकशास्त्रात एम. एस्सी. होऊन घरी आले होते आणि पीएच. डी.च्या प्रवेशाची वाट बघत होते. मोजायला काहीतरी मिळालं, एवढंच मला वाटलं. दारातून बाहेर पडताना मी दादाकडे बघितलं. तो चप्पल शोधत होता.

प्रयोग साधा होता. जालिंदरकडून मी एक जुनी कुस्ती घेतली. मुंबईत ज्या इमारतीत हलगीचे व्हिडिओ असतात, तिथेच दुसऱ्या पत्त्यावर तिची एक प्रत ठेवली. कुस्ती एकच, रस्ता एकच, फक्त पत्ता वेगळा. रस्त्यात गर्दी असेल तर दोन्ही प्रती सारख्याच अडतील. एकच अडली तर अडवणारा पत्ता वाचतोय.

पहिल्यांदा मी गौराक्का पाटलांच्या घरी मोजलं, दुसऱ्या पत्त्यावरची प्रत सकाळी आणि हलगीची संध्याकाळी. त्यांचे यजमान पैलवान होते आणि आता गुडघ्यांमुळे पलंगावर असायचे. मी लॅपटॉप उघडून बसले आणि शेजारी त्यांचा टीव्ही चालू होता.

“पट काढला! काढला पट!” पैलवान ओरडले आणि चित्र थांबलं.

“आता उद्यापर्यंत थांबा,” गौराक्का म्हणाल्या. “पडला का न्हाई ते पेपरात बघूया.”

“अगं, पाय धरलाय त्यानं.”

“तोही थांबलाय, तुम्हीही थांबा. चहा घे ग पोरी.”

पडद्यावर पाटी आली. गौराक्कांनी ती मोठ्याने वाचली. “विचारलं मी रावसाहेबांस्नी. म्हणाले, अक्का, टीव्ही जुना झालाय.”

आलेख तयार झाला तेव्हा मी तो बराच वेळ बघत राहिले. एक प्रत अडखळत, वरखाली होत, पण पूर्ण वेगाने येत होती. तिची रेघ करवतीच्या दातांसारखी होती. दुसरी, हलगीच्या पत्त्यावरची, वर चढली आणि एका उंचीला जाऊन सपाट झाली. शेवटपर्यंत सपाट, पट्टी धरून ओढल्यासारखी. गर्दीचा आलेख कधी असा नसतो. गर्दीत माणसं येतात, जातात, धक्के बसतात. सपाट रेघ म्हणजे कुणीतरी आकडा टाइप केलेला असतो.

तो आकडा टाइप करायचा पासवर्ड दोघांकडे होता, रावसाहेबांकडे आणि दादाकडे. रावसाहेबांना मोबाइलवर अलार्म लावायलाही दादा लागायचा.

हे कळल्यावर मला काय वाटलं, असं आता कुणी विचारलं तर सांगता येत नाही. मी लॅपटॉप बंद केला, चहाचा कप विसळला, गौराक्कांना येते म्हणाले. रस्त्याने येताना मी पुढचं मोजमाप कुठे घ्यायचं याचा विचार करत होते. एका घरावरून निष्कर्ष काढता येत नाही.

आमच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवतात. जैन घरांत अजून ही पद्धत आहे. दादा त्यासाठी कामावरून घरी यायचा आणि जेवून परत जायचा. आप्पा जेवताना मौन पाळायचे. आई गेल्यापासून आम्ही दोघंही पाळू लागलो होतो, कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही तिघं ओळीने बसलो. भाकरी, पावट्याची आमटी, दही. खिडकीतून पिवळं ऊन ताटांवर येत होतं. दादाने दोनदा आमटी घेतली. माझ्या डोक्यात ती रेघ होती आणि मी भाकरी मोडत होते.

आप्पा उठून बाहेर ओट्यावर गेल्यावर मी लॅपटॉप उघडून दादासमोर ठेवला.

त्याने आलेख बघितला. घाईने नाही. मग विचारलं, “वायफायवर मोजलंस?”

“हो.”

“मग पहिल्याच प्रश्नात चितपट होशील. म्हणतील, भिंत जाड होती, मध्ये फ्रिज होता. तार लावून मोजायचं.” त्याने कामाच्या पिशवीतून निळ्या तारेचं वेटोळं काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. “आणि ही सकाळची, ही संध्याकाळची. असं चालत नाही. दोन्ही एकाच वेळी घे. एकामागून एक पण नको, एकदम.”

“दादा, ही रेघ सपाट आहे.”

“दिसतंय मला.”

“पंचांना काय सांगू?”

“मोजलंस ते.” तो उठला, ताटं उचलली. “ह्या पिशवीची चेन गेलीय. आप्पांना म्हणावं चांभाराकडे द्या.”

तो परत कामावर गेला. मी त्याच्या सांगण्याप्रमाणे तार लावून, दोन्ही प्रती एकदम घेऊन, आणखी बऱ्याच घरांत मोजलं. सगळीकडे तीच रेघ, त्याच उंचीवर. त्याने मला चूक दाखवली याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही. दादा असाच होता. चौथीत असताना माझ्या वहीतली बेरीज चुकली होती, तेव्हाही त्याने उत्तर न सांगता फक्त त्या ओळीवर बोट ठेवलं होतं.

शनिवारी दिवस कलताना, चित्र अडायच्या वेळेलाच, पंच परत बसले. या वेळी रावसाहेबांनी मिरजेहून एक इंजिनिअर आणला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात पेन. मी आलेख छापून आणला होता. तो पंचांच्या हातांतून फिरला आणि कमिटीतल्या एकाने उलटा धरला.

“वायफायवर घेतलंय ना हे?” इंजिनिअरने विचारलं.

“नाही. तार लावून.”

“बरं. मग हलगीची प्रत गर्दीच्या वेळेला घेतली असणार आणि दुसरी दुपारी.”

“दोन्ही एकाच क्षणी.”

त्याने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. “घरं किती?”

मी घरांची नावं सांगितली. त्यात रावसाहेबांच्या मेहुण्याचंही घर होतं. इंजिनिअरने कागद खाली ठेवला आणि रावसाहेबांच्या कानाशी काहीतरी बोलला. रावसाहेबांनी मान हलवली नाही.

“पोरी, आता आमच्या भाषेत,” वस्ताद म्हणाले.

“एकाच पैलवानाला दोन वेगळे लंगोट घालून उतरवलं. एक लंगोट बघितला की मोकळं सोडतात. दुसरा बघितला की पाय धरतात.”

“कायम?”

“संध्याकाळी कायम.”

जालिंदर मांडीवर थाप मारून उठायला लागला. वस्तादांनी हात केला तसा बसला. मग तिघे पंच एकमेकांकडे झुकले. मला ऐकू येत होतं. कमिटीतला मोठा म्हणत होता, “उद्या यात्रा हाय. गावात दोन तट नकोत. बरोबरीत सोडवू. मशीन बिघडलं हुतं म्हणायचं, दोघांनी हातात हात द्यायचा.” दुसरा म्हणाला, “तेच बरं.” आमच्याकडे कुस्ती फार वेळ चालली, अंधार पडायला लागला, तर पंच ती बरोबरीत सोडवतात. दोघंही पैलवान फेटा बांधून घरी जातात. कुणालाच वाईट वाटत नाही.

आतून जोर काढणाऱ्या पोरांचे श्वास ऐकू येत होते.

“मशीन आपोआप पाय धरतंय का ग?” त्यांनी मला विचारलं.

“नाही. कुणीतरी सांगावं लागतं.”

“कुणी सांगितलं?”

“ते मला मोजता येत नाही.”

हे खरं होतं. मी इतकंच बोलणार होते, आणि तेवढंच बोलले. वस्तादांची नजर माझ्यावरून उठून दाराकडे गेली.

“सन्मती.”

“जी वस्ताद.”

“तू लावलंयस?”

“होय.”

एवढंच. त्याने आवाज चढवला नाही, उतरवला नाही. भाव विचारल्यावर भाजीवाल्याने सांगावा तसा. कमिटीतला मोठा, जो बरोबरीत सोडवू म्हणत होता, त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

“कुणाच्या सांगण्यावरनं?”

“माझं मला विचारलंत, सांगितलं,” दादा म्हणाला. “दुसऱ्याचं दुसऱ्याला विचारा.”

वस्ताद रावसाहेबांकडे वळले. पण त्यांना विचारावं लागलं नाही. रावसाहेब उभे राहून दादाकडे बोट करत होते. “पगार माझा खातोस आणि हितं येऊन... उद्यापासनं पाऊल टाकू नको ऑफिसात. आईच्या आजारपणात कोण आलं हुतं? मी आलो हुतो!”

“आला होता,” दादा म्हणाला.

“मग?”

रावसाहेब माझ्याकडे वळले. मी त्यांच्या घरी बेसनाचे लाडू खाल्ले होते, त्यांच्या मुलीबरोबर शाळेत गेले होते. मी त्यांच्या शर्टाच्या खिशातल्या पेनाकडे बघत राहिले.

“बसा रावसाहेब,” वस्ताद म्हणाले. “कुस्ती निकाली झाली. सन्मती, काढ ते.”

“आत्ता?”

“पंचांसमोर.”

दादाने लॅपटॉप मांडीवर घेतला, पासवर्ड टाकला, एक ओळ पुसली. त्याला वेळ लागला नाही. जालिंदरने तालमीतल्या कनेक्शनला जोडलेला मोबाइल पुढे धरला. मागच्या वर्षीच्या मैदानाची कुस्ती सुरू झाली आणि अडली नाही. मैदानातली हलगी कडाडली. एकाने ढाक लावली, दुसरा सुटला, परत भिडले. पंच वाकले, इंजिनिअर वाकला, आतली पोरं मातीच्या अंगाने दारात आली. “लाव, लाव! आता घाल घिस्सा!” कमिटीतला मोठा ओरडत होता. रावसाहेबसुद्धा मान लांब करून बघत होते. त्यांना स्वतःला ते कळत नसावं.

दादा उठून बाहेर गेला. कुणी बघितलं नाही.

मी कागद गोळा करून निघाले तेव्हा जालिंदर माझ्यामागे आला. “पोरी, थांब. एक सांगायचं राहिलं,” तो म्हणाला. “तुझं नाव पंचांसमोर मी काढलं ते माझ्या डोक्यातनं न्हवं. तुझा दादा आला हुता माझ्याकडं, सकाळी, मी कॅमेरे पुसत बसलो हुतो. म्हणाला, मोजायला माझ्या बहिणीचं नाव सुचव. मी म्हणालो, येडा हायस का, ती तुझ्याच बाजूनं लिहिणार. तर म्हणाला, तिला तसं येत नाही.”

“अजून काय म्हणाला?”

“काय न्हाई. चहासुद्धा घेतला न्हाई बघ.” जालिंदर थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, “मला वाटलं, रावसाहेबानं पाठवलाय. आत बसलो हुतो तोवर मला तेच वाटत हुतं.”

मी मान हलवली. दादा रस्त्याच्या टोकाला सायकलींच्या दुकानापाशी उभा होता. मी त्याच्याजवळ गेले. आम्ही घरापर्यंत बरोबर चाललो. मी त्याला काही विचारलं नाही. त्याला नोकरी सोडता आली असती, वस्तादांना गुपचूप सांगता आलं असतं, ती रेघ अशी सपाट न ठेवता तिला करवतीचे दात काढून देता आले असते. मला ते कधीच सापडलं नसतं. हे सगळं मला चालता चालता सुचलं, एकामागून एक, पायऱ्या मांडाव्यात तसं. आत मात्र काही हललं नाही. दुकानात टांगलेल्या टायरांवर धूळ होती, ती दिसली.

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. आप्पांच्या कानावर गेलं होतं. गावात तालमीतून निघालेली गोष्ट माणसाआधी घरी पोचते. त्यांनी पानं वाढली होती. आम्ही जेवलो. भात होता, वांग्याची भाजी होती. दादाने भाजी दुसऱ्यांदा घेतली नाही.

चूळ भरून आल्यावर आप्पा परत पाटावर बसले. ते कधी तसे बसायचे नाहीत.

“काय विचारलं त्यांनी?” त्यांनी दादाला विचारलं.

“कुणी?”

“शिवगोंडानं.”

“तू लावलंयस का, असं.”

“असंच? सरळ?”

“सरळ.”

आप्पांनी पंच्याने हात पुसले. आधीच पुसलेले होते. ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते आणि तिथूनच निवृत्त झाले. उसाच्या गाड्या काट्यावर चढायच्या, आप्पा आकडा लिहायचे. उसाचं वजन कमी दाखवायला काटा कसा मारतात हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आमच्या घरात तो शब्द कधी कुणी उच्चारला नव्हता. मी विज्ञान शिकले, वजनाचं शास्त्र शिकले, काट्यांची चूक कशी काढायची ते शिकले, आणि तरी मी आप्पांना कधी विचारलं नव्हतं.

“शेतकरी गाडीवरून उतरायचे,” आप्पा म्हणाले, “आणि माझ्याकडे बघायचे. नुसते बघायचे. मग निघून जायचे.”

दादा खाली बघत होता.

“कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतंत?” मी म्हणाले. माझा आवाज पंचांसमोर होता तसाच होता.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. “नाही ग,” ते म्हणाले. “बरं झालं कुणी विचारत नाही, असंच म्हणायचो. रोज.”

बाहेर यात्रेचा मांडव घालणाऱ्यांची ठोकाठोक चालू होती. आप्पा उठले, दादाच्या जवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही असं करून ठेवला नाही. “उद्या घाई नाही तुला,” ते म्हणाले. “निवांत ऊठ.”

दादा निवांत उठला नाही. नेहमीच्या वेळी उठला, अंघोळ केली, कामावर जाताना घालायचा तो शर्ट घातला, आणि जायला कुठे नाही म्हणून ओट्यावर जाऊन बसला. गल्लीतून माणसं मैदानाकडे निघाली होती. काहींनी त्याच्याकडे बघितलं, काहींनी बघायचं टाळलं. मी दारात उभी होते. थोड्या वेळाने आप्पा आतून आले. त्यांनीही स्वच्छ सदरा घातला होता. ते दादाच्या शेजारी बसले, दोघांच्या मध्ये जागा न ठेवता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला नजर देत राहिले.